मध्यस्थाच्या खुर्चीत पहिल्यांदा बसताना

मध्यस्थी शिकायला येणाऱ्यांत दोन प्रकारची माणसं जास्त दिसतात: बरीच वर्षं वकिली केलेले वकील आणि निवृत्त अधिकारी. दोघांचीही अडचण एकच असते. समोरचा बोलत असतानाच यांच्या डोक्यात निकाल तयार होतो. वकिलाला कुणाची बाजू कायद्यात बसते ते दिसतं, साहेबांना कुणाचं चुकलं ते दिसतं. मध्यस्थाच्या खुर्चीत या दोन्हींचा उपयोग थोडा आणि उपद्रव फार.

पुढचं सगळं समजायला सोपं जावं म्हणून एक कल्पित वाद घेतो. वडील वारले. मागे आठ एकर जमीन, एक विहीर, दोन भाऊ, लग्न होऊन गेलेली एक बहीण आणि धाकट्याकडे राहणारी आई. थोरल्याने वाटपाचा दावा लावलाय आणि न्यायाधीशांनी तो मध्यस्थीसाठी तुमच्याकडे पाठवलाय. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या कोर्टात असे दावे सापडतात, म्हणून हाच निवडला. सोसायटीतल्या गळतीच्या भांडणालाही पद्धत हीच.

आधी आपलं काम ओळखा

न्यायाधीश निकाल देतात, लवाद निवाडा देतो. लोकअदालतीत तडजोड झाली की तिचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. पण तिथे एका दिवसात इतकी प्रकरणं असतात की एकेकाच्या वाट्याला काही मिनिटंच येतात. मध्यस्थाकडे अधिकार कुठलाच नसतो. त्याच्याकडे वेळ असतो, आणि त्याच्यासमोर बोललेलं बाहेर जात नाही. भांडवल एवढंच.

गावच्या पंचांशी तुलना नेहमी होते. १५ ऑगस्ट २००७ ला राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि गावोगाव समित्या बसल्या. पंच माणसं ओळखतात, त्यांच्या शब्दाला वजन असतं, आणि कित्येक तंटे त्यामुळे खरोखर मिटतात. पण वजन म्हणजेच दबाव. त्यात गाव तंटामुक्त ठरलं की बक्षीस, म्हणजे मिटवण्याची घाई गावाला, भांडणाऱ्यांना नव्हे. तुमच्यासमोर बसलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणून उठून जाता आलं पाहिजे. तशी मोकळीक त्याला वाटत नसेल, तर तुम्ही पंचगिरी करताय.

कायद्याची चौकट, कामापुरती

दिवाणी प्रक्रिया संहितेचं सुधारित कलम ८९ हे १ जुलै २००२ पासून लागू आहे. न्यायालय चालू दावा मध्यस्थीला पाठवतं ते त्याखाली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्यस्थी व सलोखा प्रकल्प समिती नेमली आणि प्रशिक्षणाला एक ठरलेलं रूप आलं. व्यापारी वादांत २०१८ पासून वाणिज्य न्यायालय कायद्यात कलम १२अ आलं: तातडीचा मनाई हुकूम वगैरे नको असेल, तर दावा लावण्याआधी मध्यस्थी करावीच लागते. ही अट सक्तीची आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं.

मग आला मध्यस्थी कायदा, २०२३. त्यात १२० दिवसांची मुदत आणि दोघांच्या संमतीने आणखी ६० दिवस, गोपनीयता, तडजोडीला हुकूमनाम्याइतकं, म्हणजे न्यायालयाच्या निकालाइतकं बळ, असं बरंच आहे. पण तो टप्प्याटप्प्याने अमलात आणायचं ठरलं; काही कलमं ९ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. म्हणून पक्षकाराला एखादं कलम सांगण्याआधी त्याची अधिसूचना निघाली आहे का ते स्वतः बघा.

शिकायचं कुठे

न्यायालयांशी जोडलेल्या मध्यस्थीसाठी ४० तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. चौकशी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात करा. न्यायालयाच्या यादीत मुख्यतः वकील आणि न्यायाधीश दिसतात. कुटुंबं, सोसायट्या, भागीदारीतले धंदे यांच्यात बाहेर बसून मध्यस्थी करायला मात्र वकिलीची सनद लागत नाही. पोटापाण्याचं म्हणाल तर न्यायालयाने पाठवलेल्या प्रकरणाचं मानधन माफक असतं, त्यावर घर चालत नाही. आधीच सांगितलेलं बरं.

प्रशिक्षणात खोट्या वादांचे प्रयोग करून घेतात. तिथे सगळ्यांना मध्यस्थाची भूमिका हवी असते. तुम्ही भांडणाऱ्याची मागून घ्या. आपलं म्हणणं अर्ध्यावर तोडलं गेलं की किती झोंबतं, हे त्या खुर्चीत बसल्यावरच कळतं.

फाइल आली: आधी तीन गोष्टी

पहिली, हा वाद मध्यस्थीजोगा आहे का. २०१० च्या ॲफकॉन्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याची यादीच दिली आहे. शेजारी, भाऊबंद, नवरा-बायको, मालक-भाडेकरू, व्यापारी अशी नाती चालू राहणार असतील तर मध्यस्थी योग्य. निवडणुकीचे वाद, अनेकांच्या वतीने लावलेले प्रातिनिधिक दावे, अज्ञान म्हणजे अल्पवयीन मुलं किंवा देवस्थान यांच्या हक्कांचे दावे, गंभीर फसवणूक आणि बनावट दस्तांचे आरोप सहसा अयोग्य. आता वाटपाच्या प्रत्येक दाव्यात ‘प्रतिवादीने फसवणूक केली’ हे वाक्य सवयीने टाकलेलं असतं, त्याला घाबरायचं कारण नाही. मात्र बहिणीची सही दुसऱ्यानेच ठोकली असा नेमका आरोप असेल तर प्रकरण परत पाठवण्याचा विचार करा. मारहाणीची भीती असलेल्या बाईला नवऱ्यासमोर बसवून ‘मोकळेपणाने बोला’ म्हणणं, ही तर मध्यस्थीच नव्हे.

दुसरी, कागद. सातबारा, फेरफार, असेल तर मोजणीचा नकाशा. तुम्हाला निकाल द्यायचा नाही, पण विहीर कुठल्या गटात आहे हे माहीत नसेल तर पाण्यावरचं बोलणं तुम्हाला कळणारच नाही.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची: टेबलाशी कोण नाही? आपल्या वादात दोघे भाऊ येतील, त्यांचे वकील येतील, आणि बहिणीबद्दल कुणीतरी म्हणेल, ‘ताईचं काही म्हणणं नाही, ती हक्कसोड करून देणार आहे.’ इथे थांबा. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ ला, वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगून टाकलं. ताईला वगळून केलेली तडजोड म्हणजे पुढच्या दाव्याचं बियाणं. तिला बोलवा. ती हक्क सोडणार असेल तर तिच्या तोंडून ऐका. आईचंही तसंच, तिचाही हिस्सा असतो आणि सगळे तिला गृहीत धरून बसलेले असतात.

पहिली बैठक

खोलीत न्यायालयासारखा उंच चौथरा नको. गोल टेबल मिळालं तर उत्तम, नसेल तर निदान दोघं भाऊ एकमेकांच्या थेट डोळ्यांसमोर येणार नाहीत असं बसवा. पक्षकार तुमच्या जवळ, वकील त्यांच्या पलीकडे. वकिलांना बाहेर काढायची हौस नव्या मध्यस्थांना फार असते. ती चूक आहे. शेवटी तडजोडीचा मसुदा त्यांच्याच हातून जाणार असतो.

सुरुवातीला पाच-सात मिनिटं तुम्ही बोला आणि साधं बोला. नमुना असा:

‘मी निकाल देणार नाही. कोण खरं, कोण खोटं हे मी ठरवणार नाही. इथे बोललेलं कोर्टात जाणार नाही, मी साक्षीला येणार नाही. मधे मी एकेकाशी वेगळं बोलेन. तुम्ही सांगू नका म्हणालात ते मी दुसऱ्याला सांगणार नाही. जमलं तर लिहू, नाही जमलं तर तुमचा दावा जिथे होता तिथेच आहे. एक बोलत असताना दुसऱ्याने थांबायचं, त्याची पाळी येणार आहे.’

मग ज्याने दावा लावला त्याला आधी बोलू द्या, आणि बोलू द्या म्हणजे खरंच बोलू द्या. थोरला म्हणेल, ‘तीस वर्षं मी राबलो, विहिरीला माझे पैसे गेले.’ धाकटा उसळून म्हणेल, ‘आणि आईला कोण सांभाळतंय?’ यातलं काहीच फाइलमध्ये नसतं. दाव्यात गट नंबर असतात, आई नसते.

ऐकल्यावर ते पुन्हा त्यांना ऐकवायचं. इथेच नवखे अडखळतात. ‘म्हणजे तुम्हाला विहीर हवी’ हे ऐकवणं नव्हे. ते तुम्ही परस्पर मागणीत बदललंत. ‘विहीर खोदताना तुमचे पैसे गेले आणि त्याची कुणी दखल घेतली नाही, असं तुमचं म्हणणं आहे. बरोबर?’ हे ठीक. तो मान हलवेल, किंवा दुरुस्त करेल, दोन्ही फायद्याचं. ‘हा चोर आहे’ असं आलं तर ‘उसाच्या बिलाचा हिशेब तुम्हाला दाखवला गेला नाही, असं तुम्ही म्हणताय’ असं मांडा. शिवी गेली, मुद्दा राहिला. ‘शांत व्हा’ मात्र म्हणू नका. त्याने आजवर कुणी शांत झालेलं नाही.

वेगळं बोलणं

एकत्र बैठकीत तीच तीच वाक्यं फिरू लागली की एकेकाला वेगळं घ्या. एकाबरोबर दहा मिनिटं आणि दुसऱ्याबरोबर पाऊण तास लागला तरी चालतं, पण बाहेर थांबलेल्याला उशीर होणार हे सांगून ठेवा. बाकावर बसलेल्या माणसाला आत आपल्याविरुद्ध कट शिजतोय असंच वाटत असतं.

इथे विचारायचे प्रश्न साधे असतात. ‘दावा तुम्ही जिंकलात असं धरू, मग ताबा हातात कधी येईल?’ वकील सोबत असतील तर तेच सांगतील: आधी कुणाचा हिस्सा किती ते ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा, मग शेतजमीन असल्याने जिल्हाधिकाऱ्यांमार्फत सरसनिरस मानाने, म्हणजे जमिनीचा कस बघून वाटप, मधे अपील. ‘तोवर तुमचा मुलगा किती वर्षांचा होईल?’ एवढं विचारून गप्प बसा. ‘तुम्ही हराल’ असं भाकीत करू नका. तुम्हाला ते माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी ते तुमचं काम नाही.

बहिणीशी एकटीशी बोला. ती भावाच्याच गाडीतून कोर्टात आलेली असेल तर नक्कीच. तिला काय हवंय याचा अंदाज बांधून जाऊ नका. एखादीला हिस्सा हवा असतो, पण माहेर तुटेल याची धास्ती असते. एखादीला जमिनीत खरोखर रस नसतो, फक्त आपल्याला विचारलं नाही याचा राग असतो. एखादीवर सासरच्यांचा दबाव असतो. ‘तुमचा हक्क सोडू नका’ हा सल्लाही तुम्ही द्यायचा नाही, आणि ‘भावांचं मन राखा’ हा तर मुळीच नाही. एवढंच विचारा: ‘तुमच्या हक्काबद्दल तुम्हाला वकिलाने काय सांगितलंय?’ तिला वकीलच नसेल तर बैठक पुढे ढकला आणि तिला विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवा. तिथे महिलांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

प्रत्येक वेगळ्या बैठकीच्या शेवटी न चुकता विचारा, ‘यातलं समोर काय सांगू आणि काय नको?’ उत्तर तिथल्या तिथे टिपून घ्या. तीन जणांशी बोलून झाल्यावर कोण काय म्हणालं याची सरमिसळ होते, आणि एक वाक्य चुकीच्या कानावर गेलं की तुमच्यावरचा विश्वास संपला.

वाटे कसे पडतात

आकडा आधी मागू नका. आधी सगळे पर्याय फळ्यावर किंवा कागदावर येऊ द्या, वेडगळ वाटले तरी. आठ एकर समान भागांत मोजून दिले की न्याय झाला असं कागदावर वाटतं, पण रस्त्यालगतचं एकर आणि माळाकडचं मुरमाड एकर एक नसतं. एखाद्याला जमीन कमी चालेल पण रस्त्याला लागून हवी असेल. दुसऱ्याला घर हवं असेल आणि तो शेतात थोडं सोडायला तयार असेल. एकाने वाटे पाडायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचा, ही जुनी रीत अजूनही चालते, कारण वाटे पाडणारा आपोआप सरळ पाडतो. दोनांहून जास्त जण असले की चिठ्ठ्या. तुकडे फार लहान पडत असतील तर तुकडेबंदी कायदा आड येतो का ते वकिलांना तपासायला सांगा.

अडलं, तर बहुतेक वेळा टेबलाशी नसलेला कुणीतरी अडवत असतो: मोठा मुलगा, जावई, मेहुणा. चहाला बाहेर गेलेला माणूस आत येऊन वेगळंच बोलू लागला तर समजायचं की फोन झाला. चिडू नका. ‘घरी आणखी कुणाला विचारायला हवं का? पुढच्या तारखेला त्यांनाही घेऊन या’ म्हणा.

लिहिणं

माझ्या मते मध्यस्थाची खरी परीक्षा इथे आहे. संध्याकाळचे सहा वाजलेत, भाऊ एकमेकांशी बोलू लागलेत, सगळे दमलेत, आणि कुणीतरी लिहितं: ‘विहिरीचे पाणी उभयतांनी सामंजस्याने वापरावे.’ सामंजस्य असतं तर हे लोक कोर्टात कशाला आले असते?

त्याऐवजी एकेक प्रश्न विचारत जा. मोटार कुणाच्या नावावर? वीजबिल कसं वाटायचं? मोटार जळाली तर दुरुस्ती कोण करणार, आणि दुसऱ्याने निम्मे पैसे पावती दाखवल्यापासून किती दिवसांत द्यायचे? पाळी वारांनी की तासांनी? वार ठरवण्याआधी त्या भागात शेतीची लाइट दिवसा कधी आणि रात्री कधी येते ते विचारा. नाहीतर एकाच्या वाट्याला कायम रात्रीचं दारं धरणं येईल आणि दोन महिन्यांत भांडण परत उभं राहील. मग कलम असं होतं: ‘पाण्याची पाळी एक आठवडा थोरल्या भावाची, पुढचा आठवडा धाकट्याची, दिवसा-रात्रीच्या वीजपुरवठ्याचे वेळापत्रक बदलून एकालाच सलग रात्रपाळी येऊ लागल्यास उभयतांनी आठवड्यांची अदलाबदल करावी.’ रुक्ष आहे, पण यावर भांडता येत नाही.

रस्त्याचंही तसंच. ‘वहिवाटीचा रस्ता राहील’ एवढं पुरत नाही. कुठल्या बांधाने, किती फूट रुंद, आणि उसाची भरलेली ट्रॉली जाईल का? आईचं लिहिताना ‘दोघांनी सांभाळावे’ लिहू नका. ती कुणाकडे राहणार, दुसरा दरमहा किती रक्कम कुठल्या तारखेला तिच्या खात्यात भरणार, दवाखान्याचा मोठा खर्च कसा वाटायचा. आणि हे सगळं तिला विचारून.

दाव्यात नसलेली एखादी मिळकत, समजा शहरातला प्लॉट, तडजोडीत आणली जात असेल तर वकिलांना सावध करा. दाव्यातल्या मिळकतीपुरत्या तडजोड हुकूमनाम्याला सहसा नोंदणी लागत नाही. बाहेरची मिळकत आली की नोंदणीचा आणि मुद्रांकाचा प्रश्न उभा राहतो. भावांनी एकमेकांवर फौजदारी तक्रारी केल्या असतील तर त्या आपसांत मिटवण्याजोग्या आहेत का, तेही लिहिण्याआधी पाहायला हवं.

मसुदा मराठीत मोठ्याने वाचून दाखवा, सगळ्यांसमोर, सावकाश. वकिली मराठीतलं ‘सदरहू’ आणि ‘उपरोक्त’ आलं की थांबून साध्या भाषेत सांगा. प्रत्येक पानावर सगळ्यांच्या सह्या. मग तो कागद न्यायालयात जातो, न्यायाधीश पक्षकारांना विचारून खात्री करतात आणि तडजोडीप्रमाणे हुकूमनामा होतो. पुढे कुणी मोडला तर नवा दावा नको, दरखास्त, म्हणजे हुकूमनामा अमलात आणण्याचा अर्ज, लावता येते. हुकूमनाम्याची नक्कल घेऊन फेरफारासाठी तलाठ्याकडे कोण आणि कधी जाणार, हेही त्याच दिवशी ठरवून घ्या. ते सगळेच विसरतात.

नाही जमलं तर

बरेचदा जमत नाही. तेव्हा न्यायालयाला अहवाल एका ओळीचा: मध्यस्थी निष्फळ. कुणी काय देऊ केलं, कोण अडून बसलं, यातलं काहीही लिहायचं नाही. २०१० मध्ये मोतीराम विरुद्ध अशोककुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट सांगितलं आहे. न्यायाधीश ओळखीचे असले आणि सहज विचारलं, ‘काय हो, कुणामुळे अडलं?’ तरी उत्तर तेच. निम्मे मुद्दे सुटले असतील आणि सगळे तयार असतील, तर तेवढ्यापुरती तडजोड लिहून उरलेला वाद परत पाठवता येतो. हे बऱ्याच नव्या मध्यस्थांच्या लक्षात येत नाही.

बैठकीतली तुमची टिपणं प्रकरण संपताच नष्ट करा. आणि या कुटुंबातल्या कुणीही पुढे याच वादात ‘साहेब, तुम्हीच आमचं वकीलपत्र घ्या’ म्हटलं, मग कितीही जुनी ओळख निघो, घ्यायचं नाही.